मूक, मौन आणि मूग

नाशिकमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "आडनाव ऐकल्यावर भाड्याची खोली नाकारली जाते, याच्या निषेधार्थ आम्ही काही जण तोंडाला काळ्या फिती बांधून हुतात्मा स्मारकाजवळ दोन तास एक शब्दही न बोलता बसलो. आमच्या फलकावर 'मुक मोर्चा' असे लिहिले होते. सर म्हणाले, 'मौन निदर्शने' लिहायला हवे होते, कारण ज्याला वाचाच नाही तो मूक. घरी मामा म्हणाले, असे मूग गिळून बसल्याने कोणाला न्याय मिळाला आहे? यांपैकी योग्य शब्द कोणता?"

आधी फलकाविषयी. 'मुक' हे लेखन कोणत्याच नियमात बसत नाही. शब्द तत्सम मानला तर संस्कृतातला दीर्घ ऊकार तसाच राहतो, आणि मराठीत रुळलेला मानला तरी अकारान्त शब्दाचे उपान्त्य अक्षर मूल, फूल, चूक यांच्याप्रमाणे दीर्घच असते. 'मुका'मधला उकार ऱ्हस्व आहे, कारण तो शब्द आकारान्त आहे. इतक्या कष्टाने आणि इतक्या गंभीर कारणासाठी उचललेल्या फलकावर पहिलेच अक्षर चुकलेले दिसते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. शिवाय तुम्ही बसला होता, चालला नव्हता. २०१६ साली मराठा क्रांती मोर्चाने 'मूक मोर्चा' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवला हे खरे. पण मोर्चा निघतो, मोर्चा काढतात. एका जागी बसून जे करतात ती निदर्शने किंवा धरणे.

आता मौन. 'मुनेर्भावः मौनम्', म्हणजे मुनीचा जो भाव ते मौन. मुनी हा शब्द संस्कृत व्याकरणातल्या, शब्दांची घडण सांगणाऱ्या उणादिसूत्रांनी 'मन्', म्हणजे विचार करणे, या धातूपासून साधला आहे. अमरकोशात 'वाचंयमो मुनिः' असे म्हटले आहे, म्हणजे वाणीला आवर घालणारा तो मुनी. आवर घालायचा तर वाणी आधी असावी लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप आणि मनाचे तप वेगवेगळे सांगितले आहे, आणि मौन वाणीच्या तपात असेल अशी आपली अपेक्षा असताना ते मनाच्या तपात, 'मनःप्रसादः सौम्यत्वं मौनमात्मविनिग्रहः' असे येते. यावरून मौन ही तोंडाची नव्हे, मनाची कृती आहे हे स्पष्ट होते. म्हणूनच मराठीत मौन धरतात, पाळतात, सोडतात आणि मौनाचा भंगही होतो. मूकपणाचा भंग झाला असे कोणी म्हणत नाही.

येथपर्यंत तुमच्या सरांचे आणि माझे जमते. पण 'मूक' हा शब्द त्यांनी केवळ व्यंगापुरता मर्यादित केला, ते मला मुळीच मान्य नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पडद्यावर जे आणले त्याला आपण मूकपट म्हणतो. त्या पटातली माणसे मुकी नाहीत. त्यांचे ओठ हलतात, ती भांडतात, विनवतात, फक्त त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्या मते या शब्दाचा गाभा येथेच आहे: मूक म्हणजे ज्याचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जात नाही तो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा ज्यांचे नायकत्व ते पत्र करणार होते त्यांना वाचा नव्हती असे नाही. त्यांचे ऐकायला कोणी तयार नव्हते. पत्राच्या शिरोभागी छापल्या जाणाऱ्या तुकारामांच्या अभंगातही हेच आहे: 'नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण.' उणीव मुक्यांत दाखवलेली नाही, त्यांना जाणून घेणाऱ्या जगात दाखवली आहे. पुढे दहा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, तुमच्याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि बंद दरवाजांसमोर माणसे बसली, तेव्हा त्यांची मागणी ऐकू आली नाही असे म्हणणे कोणालाच शक्य राहिले नाही.

तेव्हा खोली नाकारली गेली आणि तक्रार कोणी ऐकली नाही, तोपर्यंत तुम्ही मूक होता. काळी फीत स्वतःच्या हाताने बांधली तेव्हा तुम्ही मौन धरले. 'मूक निदर्शने' हा प्रयोग चूक नाही. 'मौन निदर्शने' हाही समास म्हणून चालेल, मात्र 'ते मौन बसले' अशी हिंदीच्या वळणाची वाक्ये लिहू नयेत, कारण मराठीत मौन हे नाम आहे.

राहता राहिले तुमच्या मामांचे मूग, आणि खरे सांगायचे तर तुमचे पत्र वाचल्यापासून मी याच शब्दापाशी थांबलो आहे. तोंडात मूग भरले की बोलता येत नाही, म्हणून 'मूग गिळणे' म्हणजे गप्प राहणे, असा खुलासा वर्षानुवर्षे सांगितला जातो, आणि तो सांगणाऱ्यांनी 'गिळणे' या क्रियापदाकडे एकदाही नीट पाहिलेले नाही. गिळलेल्या वस्तूने तोंड भरलेले राहत नाही, ते मोकळे होते. तोंड भरलेले असेल तर मराठी काय म्हणते, हे 'मिठाची गुळणी धरून बसणे' या वाक्प्रचारात दिसते: गुळणी धरतात. मग मूगच का गिळतात? आणि मूगच का, मटकी किंवा हरभरे का नाहीत?

माझे उत्तर असे आहे की हा मूग मुळात कडधान्य नव्हेच. पालीत मूक या शब्दाचे रूप 'मूग' असे आहे आणि त्याचा अर्थ मुका. स्वरांमधल्या 'क'चा 'ग' होणे मराठीला परके नाही: सकलचे सगळा, मकरचे मगर, आकरचे आगर, प्रकटचे प्रगट झाले. पांडवलेण्यांच्या भिंतींवरचे लेख प्राकृतात आहेत, म्हणजे अशा बोलींचा वावर तुमच्या गावाला दोन हजार वर्षांपासून आहे. दुसरीकडे मुद्गचेही मूगच झाले. दोन वेगळे शब्द एका रूपावर येऊन मिळाले. मुका या अर्थाचा मूग विसरला गेला, स्वयंपाकघरातला राहिला, आणि आपण आवंढा गिळतो, राग गिळतो, शब्द गिळतो, त्याच ओघात मूगही गिळू लागलो. हे माझे अनुमान आहे, परंतु तोंडभर मुगांच्या खुलाशापेक्षा ते क्रियापदाला अधिक न्याय देते असे मी ठामपणे म्हणेन.

अर्थाच्या बाजूने मात्र मामांची चूक झाली आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही. ज्याने बोलायलाच हवे आणि जो सोयीसाठी बोलत नाही, तो मूग गिळतो. आडनाव विचारून दार लावून घेतले जाताना शेजारी उभे राहून जे पाहत राहिले त्यांनी मूग गिळले. तक्रारीला उत्तर न देणारा अधिकारी मूग गिळतो. तरीही बातम्यांत रोज 'अधिकाऱ्यांनी याबाबत मौन पाळले' असे छापून येते आणि मुनीचा शब्द टाळाटाळीला बहाल केला जातो. ही उलटापालट मला सहन होत नाही. तुम्ही दोन तास पाळले ते मौन होते.

जातककथांमध्ये 'मूगपक्ख' नावाची एक कथा आहे. काशीचा राजपुत्र तेमिय तान्हा असताना, वडिलांच्या मांडीवर बसून, चार चोरांना अत्यंत क्रूर शिक्षा फर्मावल्या जाताना ऐकतो. पूर्वजन्मी राज्य केल्यामुळे नरकात जावे लागले होते हे त्याला आठवते, आणि अशा शिक्षा देण्याचे काम आपल्याकडे येऊ नये म्हणून तो मुका आणि पांगळा असल्याचे दाखवतो. सोळा वर्षे त्याची नाना प्रकारे परीक्षा घेतली जाते, तो बोलत नाही. शेवटी त्याला पुरण्यासाठी सुनंद नावाचा सारथी रानात खड्डा खणत असताना तो प्रथम बोलतो. त्या सोळा वर्षांत लोक त्याला मूग म्हणत होते.