फुलाचा पत्ता

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चाळीसही फोटो पाहिले. आधी मोबाइलवर, मग रात्री निवांत मोठ्या पडद्यावर. फोकस नेमका आहे, हात स्थिर आहे, फूल निवडण्याची नजरही आहे. तरी एक गोष्ट सलत राहिली. बहुतेक फोटोंत फुलामागे नुसती गुळगुळीत हिरवी साय पसरली आहे. तुझी सोनकी कासच्या पठारावरची की रोपवाटिकेतल्या कुंडीतली, हे मला फोटोवरून ओळखता येईना. फूल आहे, त्याचा पत्ता नाही.

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं कासचं पठार म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे मुळीच नाही. पावसाळाभर झड लागते आणि त्या मातीतलं सत्त्व वाहून जातं. मे महिन्यात येऊन बघ, उघडा काळपट दगड दिसेल. ही गरिबी ध्यानात आली की इथली फुलं कळायला लागतात. सीतेची आसवं तुला निळ्या-जांभळ्या नाजूक पाकळ्यांसाठी आवडली, पण त्या झाडाचं खरं काम पायाखालच्या चिखलात चालतं. तिथे त्याचे बारीक फुगे असतात, त्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. दवबिंदूच्या पानांवरचे चकाकणारे थेंब दव नव्हेत, चिकट सापळे आहेत. मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून ही झाडं तो किड्यांकडून मिळवतात. आता सांग, सीतेच्या आसवांच्या फोटोत ओला कातळ आणि त्यावरून झिरपणारं पाणी नसेल, तर त्या फुलाची निम्मी गोष्ट कुठे गेली?

म्हणून या खेपेला मॅक्रो लेन्स, जी बारीकसं फूल मोठं करून दाखवते ती, पिशवीतच ठेव. ती वाईट नाही. एखाद्या फुलाची रचना दाखवायची तर तिच्यावाचून चालत नाही. पण अगदी जवळ गेल्यावर लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी दोन-तीन मिलिमीटरच स्पष्ट येतात आणि बाकीचं जग पुसलं जातं. त्याऐवजी चोवीस किंवा अठ्ठावीस मिलिमीटरची, रुंद दृश्य घेणारी वाइड लेन्स लाव. फुलापासून वीतभर अंतरावर, फुलाच्याच उंचीवर कॅमेरा ने. पुढे गेंदाची पांढरी बोंडं, मागे साचलेलं डबकं, त्यामागे धुक्यात विरघळणारी डोंगराची कड. असा एक फोटो नीट जुळून यायला अर्धा तास लागतो. लागू दे.

प्रकाशाची काळजी करू नकोस. लोक ऊन पडायची वाट पाहतात, मी ढगांची पाहते. पातळ ढग किंवा विरळ धुकं असलं की तेरड्याचा गुलाबी रंग जसाच्या तसा उतरतो. पिवळ्या फुलांना मात्र जप. सोनकी किंवा मिकी माऊस नावाचं फूल घेताना कॅमेरा एकूण उजेड मोजतो, त्यात लाल रंगाचा भाग जास्त उजेडाने जळतो आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. उजेड अर्ध्या-पाऊण स्टॉपने कमी कर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचे आलेख, वेगवेगळे बघ. ओल्या पानांची चकाकी लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने जाते. वाऱ्यावर उपाय एकच, पहाटे लवकर पोचायचं आणि दोन झुळुकांच्या मधल्या क्षणाची वाट पाहायची. देठाला काडीचा टेकू द्यायचा नाही.

आता तुझ्या कंदीलपुष्पाच्या फोटोबद्दल. त्याच्या कडेचं गवत कुणीतरी खुडलं आहे. टोकं ताजी दिसतात. तूच खुडलंस असं धरून लिहिते, रागावू नकोस. त्या वेलीला आधार त्याच गवताचा असतो. शिवाय फुलाच्या नळीतली करामत तुला ठाऊक आहे का? माशी आत शिरते आणि नळीत खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. काही काळाने ते केस सुकतात, माशी परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात अडकते. फोटोसाठी वेल हलवली, वाकवली, तर हा सगळा डाव मोडतो.

पाय आणि कोपर कुठे टेकतो, हे मलाही फार उशिरा कळलं. तरुणपणी एका दवबिंदूसाठी मी कातळावर पालथी पडून होते. फोटो सुरेख आला. उठले तेव्हा माझ्या कोपराच्या जागी सीतेच्या आसवांचा एक अख्खा पुंजका चिखलात दाबला गेला होता. तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. तेव्हापासून आधी उघडा दगड शोधते, तिथेच टेकते, आणि त्या दगडावरून जे फूल दिसेल तेच घेते. पुष्कळ फुलं सुटतात. तरी तू हेच करावंस असं मला मनापासून वाटतं. या पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दी वाढली. इतक्या पावलांत आपली दोन तरी हलकी पडावीत.

आणखी एक. त्या कंदीलपुष्पाचा फोटो टाकताना तू जागेची खूण तशीच ठेवलीस. ती काढ, आजच. पत्ता म्हणजे मी अधिवास म्हणते आहे, नकाशावरचा ठिपका नव्हे. कातळ दाखव, गवत दाखव, शेजारी कोण उगवलंय ते दाखव, पण दुर्मीळ वेलीपर्यंत वाट दाखवू नकोस. तिचे कंद खणून नेणारे असतात.

बागेतली फुलं कमी प्रतीची समजू नकोस. पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत पावसाळ्यात हायड्रेंजिया फुलतो, तिथे मनसोक्त सराव कर. तिथली पायवाट ठरलेली असते, कुंडी हलवायला मुभा असते, चुकायला जागा असते. आणि त्या फुलातही पत्ता असतो बरं! माती आम्ल असली की झाड तिच्यातलं अॅल्युमिनियम शोषून घेतं आणि फूल निळं होतं, नसली की गुलाबी. म्हणून फोटो घरी सुधारताना तो निळा आपल्या आवडीने सरकवू नकोस. बागेत असतानाच एक फोटो पांढऱ्या कागदाचा घे, रंग त्याच्याशी जुळव.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तू ऐकली असशील. पठारालाही ती लागू आहे. ज्या दगडावरून तू फोटो घेतलास, त्याच दगडावरून पंधरा दिवसांनी पुन्हा घे. गेंद ओसरलेले असतील, सोनकी वर आलेली असेल. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच सर्वत्र फुलते. फुलली त्या वर्षाचा आणि न फुलल्या वर्षांचा, एकाच चौकटीतला फोटो तुझ्याकडे असावा. माझ्याकडे नाही, मी न फुललेल्या कारवीकडे कधी पाहिलंच नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली तर ये. शनिवार-रविवार टाळ. जायची नोंदणी मी आधी करून ठेवीन. कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी, कोरडा पंचा आणि बुटांना चांगली पकड, एवढं पुरे. भाकरी-झुणका मी घेते. पहिला तासभर कॅमेरा बाहेर काढायचा नाही, नुसतं दगडावर बसून शेजारी कोण कोण आहे त्यांची नावं लिहायची.

तुझी,
मावशी