वाटीतला स्पंज आधी काढ

भावा, तुझ्या टॅरँटुलाच्या (मोठ्या केसाळ कोळ्याच्या) डब्याचा फोटो बघितला. पाण्याच्या वाटीतला स्पंज आजच काढून टाक. चार दिवसांत तो कुबट वास मारायला लागतो, जंतू वाढतात, कोळ्याला त्याचा उपयोग काही नाही. कोळी बुडेल म्हणून ठेवला असशील, तर घाबरू नको, टॅरँटुलाची पुस्त-फुप्फुसं (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेली श्वास घ्यायची इंद्रियं) पोटाच्या खालच्या अंगाला असतात. काठावर वाकून तोंड बुडवलं तरी ती बाहेरच राहतात. पिताना तो बराच वेळ हलतही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो मेला समजून मी रात्री दीडला भावाला उठवलं होतं!

उथळ वाटी घे, बाटलीचं झाकणही चालतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून सकाळी भर, तेवढं पुरे. वाटीत माती ढकलेल, जाळं विणेल. रागावू नको, धू आणि परत ठेव. खायला सोडलेला रातकिडा वाटीत मेलेला दिसला तर पाणी लगेच बदल.

पिल्लू नखाएवढं असेल तर वाटी नको, डब्याच्या भिंतीवर एक थेंब. अंगावर फवारा मारू नको.

आपल्याकडे जूनपासून हवाच ओली, तेव्हा डब्यातलं कोकोपीट (तळाला घातलेला नारळाचा भुसा) भिजवत बसलास तर बुरशी येणार. उलट मार्च-एप्रिलात वाटी दोन दिवसांत कोरडी पडते, तेव्हा रोज बघ. पोट सुरकुतलेलं, चेपलेलं दिसलं तर तहानलाय समज. कात टाकताना पाठीवर उताणा पडतो, त्या वेळी हात लावू नको, वाटी मात्र भरलेली असू दे.