लॉकडाऊनमध्ये मानसोपचार कसे चालू राहिले? इंदूरला आईची औषधं चालू आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर?

बरंचसं काम फोनवर आलं. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले आणि डॉक्टरांना फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून चिठ्ठी पाठवायची स्पष्ट मुभा मिळाली. पण एनडीपीएस म्हणजे नशेच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या (सायकोट्रॉपिक) पदार्थांच्या कायद्याखालच्या औषधांना त्यात मनाई होती, म्हणून काही झोपेच्या गोळ्यांसाठी लोकांची फार ओढाताण झाली.

आमच्याकडे आत्याचे उपचार चालू होते. राजवाड्याजवळचं दोन खोल्यांचं घर, माणसं सहा. सगळ्यांसमोर ती डॉक्टरांना "बरंय, बरंय" एवढंच म्हणायची. मग मी तिला फोन घेऊन गच्चीवर बसवू लागलो, जिन्याचं दार ओढून घ्यायचो. तिथे पाण्याच्या टाकीला टेकून ती पहिल्यांदा रडली, मोकळी बोलली. माझ्या मते फोनवरच्या उपचारात ही आडोशाची जागाच सगळ्यात महत्त्वाची, आणि तिचाच विचार कोणी करत नाही.

आई लिथियमवर, म्हणजे मूड सावरणाऱ्या औषधावर, असेल तर त्याची ठरावीक रक्ततपासणी फोनवर होत नाही. ती चुकवू नका. जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, महिन्याच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना कळवा. मनाने गोळी बंद करू नका हो, त्याने फार हाल होतात.

ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवाही आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.