राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करून खरोखर काही होते का?

राज्य मानवी हक्क आयोगाला नेमके कोणते अधिकार आहेत, तेथे तक्रार केल्याने प्रत्यक्षात काही घडते का, आणि खासगी कंपनीने नोटीस न देता कामावरून काढले तर तेथे दाद मागता येते का, असे आपण विचारले आहे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

माझा धाकटा भाऊ एका अडत्याकडे हिशेब लिहिण्याचे काम करत असे. २०२२ च्या मार्च महिन्यात गाळ्यातून रोकड गेली आणि संशयावरून त्याला शनिवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यात नेले, ते सोमवारी दुपारी सोडले. अटक दाखवलीच नाही, त्यामुळे २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचा प्रश्न कागदावर कधी उद्भवलाच नाही. रविवारी मी दिवसभर ठाण्याच्या आवारात बसून होते. या नावाचा कोणी मनुष्य येथे आणलेला नाही, असे ठाणे अंमलदार मला सांगत होते आणि त्याच वेळी आतल्या खोलीच्या दाराशी भावाच्या चपला मला दिसत होत्या. सुटल्यावर त्याला उजव्या कानाने ऐकू येईना. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी पडदा फाटल्याचे लिहून दिले. चोरीचा गुन्हा त्याच्यावर पुढे कधीही दाखल झाला नाही.

आमचे काका तालुक्याच्या न्यायालयात तीस वर्षे वकिली करतात आणि घरातील कायद्याची प्रत्येक गोष्ट त्यांच्या शब्दावर चालते. मी आयोगाकडे जाण्याचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “आयोग कोणाला शिक्षा करू शकत नाही, तो शिफारस करतो, आणि शिफारस म्हणजे विनंती. जायचे असेल तर उच्च न्यायालयात जा, नाहीतर पोरगा घरी आला यात समाधान माना.” उच्च न्यायालयाचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. आईने त्यांचे ऐकले, मीही ऐकले, आणि त्यात दहा महिने गेले.

त्यानंतर मी मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ स्वतः वाचायला घेतला आणि कलम ३६ च्या दुसऱ्या पोटकलमाशी येऊन थबकले. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटले की आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. ही मुदत आयोगाला स्वतःच्या मर्जीने ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. आमच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरले होते. मुंबईला जाऊन मी स्वतःच्या हाताने अर्ज दिला आणि पोच घेतली. आयोगाला काही अधिकार नाहीत असे अनुभवी माणसाने सांगितले की लोक थांबतात आणि नेमके तेच एक वर्ष हातचे जाते, म्हणून या समजुतीचा मला राग येतो.

आता अधिकारांविषयी. शिफारशीबद्दल सगळेच बोलतात. माझ्या मते आयोगाची खरी ताकद त्याआधीच्या टप्प्यात, म्हणजे कागद मागवण्यात आहे. कलम १३ प्रमाणे चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदाराला समन्स काढून हजर करणे, शपथेवर जबाब घेणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे, कोणत्याही कार्यालयातून सरकारी अभिलेख मागवणे हे सर्व त्यात येते. आयोगापुढील कार्यवाही न्यायिक कार्यवाही मानली जाते, त्यामुळे तेथे शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा ठरतो.

आमच्या प्रकरणात आयोगाने प्रथम पोलीस अधीक्षकांकडून अहवाल मागवला. सदर इसमास ठाण्यात आणलेच नव्हते, असा दोन ओळींचा अहवाल आला. काकांना मी तो वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले की झाले, आता अर्ज निकाली निघेल. तसे झाले नाही. त्या तीन दिवसांची स्टेशन डायरी, ड्युटी रजिस्टर आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण सादर करावे, असा आदेश निघाला. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष तरी जपून ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. ठाण्यात मारहाण होऊन गंभीर इजा झाल्यास मानवी हक्क आयोग ते चित्रीकरण मागवू शकतो, हेही त्याच निकालात आहे. कॅमेरा नादुरुस्त होता, असे ठाण्याने कळवले. मग दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार दाखवा, असे आयोगाने विचारले. असे एकही पत्र निघाले नाही. शेवटी संबंधित अधिकाऱ्याला प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि त्यात त्याने लिहिले की भावाला चौकशीसाठी बोलावले होते, मात्र तासाभरात सोडले होते. आधीच्या अहवालात तर त्याला आणलेलेच नव्हते. रविवारी मला तोंडावर जे सांगितले गेले ते खोटे होते, हे त्यांच्याच दोन कागदांनी शाबीत केले.

२०२४ च्या अखेरीस ५०,००० रुपये नुकसानभरपाई आणि विभागीय चौकशी अशी शिफारस झाली. रक्कम आणखी काही महिन्यांनी भावाच्या खात्यात आली. कान पूर्वीसारखा झाला नाही. काका अजूनही म्हणतात की एवढ्या पैशासाठी दोन वर्षे घालवली. गेल्या वर्षी भावाला नवीन नोकरी लागली आणि चारित्र्य पडताळणीत त्याच ठाण्याने ‘चोरीच्या संशयावरून चौकशी’ असा शेरा मारला, तेव्हा त्याने आयोगाच्या आदेशाची प्रत जोडली आणि त्याची नोकरी टिकली. या प्रतीची किंमत काका हिशेबात धरत नाहीत.

आणि शिफारस म्हणजे विनंती, हेही मला मान्य नाही. कलम १८ नुसार अहवाल मिळाल्यावर शासनाने एक महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, केलेल्या किंवा करावयाच्या कार्यवाहीसह आपले म्हणणे कळवायचे असते. आयोग स्वतः उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊन निर्देश मागू शकतो. दोषी व्यक्तीवर खटला भरण्याची आणि चौकशी चालू असतानाच तातडीची अंतरिम मदत देण्याची शिफारसही करू शकतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अशी शिफारस शासनावर बंधनकारक असल्याचे म्हटले आहे. हा निकाल मी काकांना छापून दिला होता. तो मद्रासचा आहे, येथील न्यायालयांना तो बांधत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण नागरिकाने तो आधाराला घ्यायचाच नाही, असे त्यातून निघत नाही.

आपण अर्ज करणार असाल तर तो एक-दोन पानांचा ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण, कर्मचाऱ्याचे नाव किंवा बक्कल नंबर आणि काय घडले एवढेच लिहा, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि पीडित व्यक्तीच्या वतीने दुसरे कोणीही अर्ज करू शकते. चित्रीकरण जपून ठेवावे अशी लेखी मागणी घटनेनंतर पहिल्या आठवड्यातच ठाण्याला आणि अधीक्षकांना देऊन पोच घ्या. आम्ही ते केले नाही, आणि केले असते तर कॅमेऱ्याची सबब कदाचित उभीच राहिली नसती. एकाच वेळी दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे आणि राज्य आयोगाकडे अर्ज पाठवू नका, कारण एका आयोगापुढे प्रकरण असेल तर दुसरा ते हाती घेत नाही आणि दोन्हीकडचा वेळ जातो.

काही मर्यादा मात्र खऱ्या आहेत. माणूस अजून ठाण्यातच असेल आणि तो कोठे आहे हे सांगत नसतील, तर आयोगाची वाट न पाहता उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका करावी. तेथे काकांचे ऐकावे. आयोग स्वतः कोणाला निलंबित करत नाही किंवा तुरुंगात पाठवत नाही. न्यायालयात चालू असलेल्या वादात तो साधारणपणे पडत नाही. राज्य आयोगाचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची (राज्याचे विषय) आणि समवर्ती सूचीतील (केंद्र व राज्य दोघांचे) विषयांपुरता आहे.

राहिला आपल्या कंपनीचा प्रश्न. कायद्यातील चौकशी ही लोकसेवकाने, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने, केलेल्या उल्लंघनाची, किंवा ते रोखण्यात त्याने केलेल्या हयगयीची असते. खासगी मालकाने कामावरून काढले एवढ्यावर आयोगाकडे जाता येत नाही. त्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी लागेल. तेथे अर्जच घेतला नाही किंवा घेऊन तो तसाच पडू दिला, तर त्या अधिकाऱ्याच्या हयगयीविषयी आयोगाकडे जाता येईल का, याचा विचार करता येतो. त्यासाठी त्या कार्यालयाची आवक क्रमांक घातलेली पोच आपल्याजवळ असायला हवी.