वॉचडॉग ड्रायव्हरमध्ये डीफॉल्ट टाइमआउट किती ठेवावा?

वॉचडॉग म्हणजे ठरावीक वेळेत (टाइमआउट) 'जिवंत आहे' असा इशारा (पिंग) आला नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर. त्याच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरची कमाल मर्यादाच डीफॉल्ट म्हणून टाकू नकोस. समजा, घड्याळ ३२,७६८ हर्ट्झचं, त्याला १२८ ने भाग, काउंटर १६ बिटांचा. कमाल निघते जवळपास २५६ सेकंद. म्हणजे बोर्ड अडकला की चार मिनिटं नुसता पडून राहणार. साधारण ३० ते ६० सेकंद ठेव.

फार कमीही नको. बीड-लातूरकडं शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरची लाइट मध्येच जाते. परत आली की आधी फाइलसिस्टिमची तपासणी चालते. बूटलोडरनं (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) वॉचडॉग चालू करून दिला असेल आणि टाइमआउट ५ सेकंदांचा असेल, तर तपासणी संपायच्या आत रिसेट, पुन्हा तपासणी, पुन्हा रिसेट! म्हणून प्रोबमध्ये (ड्रायव्हर हार्डवेअरशी जोडला जाताना चालणारं फंक्शन) हार्डवेअर आधीच चालू आहे का ते वाच आणि असेल तर 'डब्ल्यूडॉग_एचडब्ल्यू_रनिंग' बिट लाव. मग एखादा प्रोग्राम वॉचडॉग डिव्हाइस उघडेपर्यंत कर्नलच पिंग देतं.

क्रम नीट पाळ. आधी टाइमआउट फील्डमध्ये डीफॉल्ट भर, मगच 'वॉचडॉग_इनिट_टाइमआउट' बोलव. ते आधी मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना दिलेली किंमत) बघतं, नंतर डिव्हाइस ट्रीतलं (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन) 'टाइमआउट-सेक'. दोन्ही नसलं की तुझी किंमत राहते. पॅरामीटरचं डीफॉल्ट शून्यच पाहिजे. तिथं ६० लिहिलंस तर डिव्हाइस ट्रीकडं कोणी बघणारच नाही. ही चूक नव्या ड्रायव्हरांत फार दिसते.

काउंटर दोनच सेकंद टिकत असेल तर 'मॅक्स_एचडब्ल्यू_हार्टबीट_एमएस' भर. मधले पिंग कर्नल सांभाळतं, ६० सेकंदही चालतात.