अकरा वाजता कुठे असशील?

चि. पोरी,

रविवारी तू आमच्या ओट्यावर सायकलदौऱ्याचा नकाशा पसरलास आणि स्केचपेननं ओढलेल्या तीन रेघा दाखवल्यास. लाल रेघ नाशिकहून आग्रा रोडनं चांदवड, मालेगाव, धुळे, जळगाव करत अजिंठ्यापर्यंत. निळी जव्हारवरून डहाणूला उतरून समुद्राच्या कडेकडेनं खाली. हिरवी वणी, हातगड, सापुतारा. "काका, मे महिन्यात यातली कुठली?" मी काहीतरी तुटक बोललो आणि तू चहा अर्धा टाकून निघून गेलीस. तेव्हापासून तो नकाशा डोळ्यांसमोरून हलत नाही. तोंडानं नीट सांगता आलं नाही, ते लिहून सांगतो.

तुझ्या पायांबद्दल मला शंका नाही. पंढरपूरची सायकलवारी करून आलीस, सामान बांधायला शिकलीस, पंक्चर स्वतः काढतेस. त्यामुळे "तू करू शकशील" वगैरे लिहीत बसत नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रत्येक रेघेवर तू दिवसाचे किलोमीटर लिहिले होतेस. ११०, ९५, १२०. मुक्कामाची गावं होती, लॉजचे भाव होते. वेळ मात्र एकाही ठिकाणी लिहिलेली नव्हती. मी विचारलं, "अकरा वाजता कुठे असशील?" तू म्हणालीस, "रस्त्यात असेन ना कुठेतरी." तिथेच माझं डोकं फिरलं.

उन्हाळ्यात रस्ता किलोमीटरवर निवडायचा नसतो. अकरा वाजता आपण ज्या सावलीत बसणार ती सावली आधी शोधायची, आणि तिथून मागे पहाटेपर्यंत रस्ता आखत यायचं. सावली पक्की नसेल तर तो रस्ता त्या महिन्यात आपला नाही. मग तो कितीही सुंदर असो.

अकराच का, बारा का नाही, असं तू विचारशील. नाशिकला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. अकरापासून दोनपर्यंतचं ऊन सरळ डोक्यावर पडतं. २० मेच्या सुमारास तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या वेळी रस्त्याकडेच्या कडुनिंबाची सावली त्याच्या बुंध्याशीच गोळा होऊन बसते, डांबरावर पडतच नाही. नकाशात झाडीचा रस्ता दिसला म्हणून त्या वेळी सावलीतून जाता येतं असं नाही. आणि हवा सगळ्यात तापते ती तीन-चारच्या दरम्यान. म्हणजे अकराला कंबर टेकली नाहीस, तर पुढचे पाच तास प्रत्येक तास आधीच्यापेक्षा वाईट. बारा ठरवलंस तर सावली शोधण्यात एक वाजतो. अकरा ठरवलंस तर साडेअकराला तरी सापडते.

हे कळायला मला एक माणूस गमवावा लागला. तो जिवंत आहे, पण माझ्यापुरता गमावलाच.

१९९६ चा मे. मी सव्वीस वर्षांचा, सातपूरला कारखान्यात टर्नर. शेजारच्या लेथवरचा माझा मित्र आणि मी धुळ्याला त्याच्या मामाकडे सायकलनं निघालो. साध्या चोवीस इंची सायकली, कॅरिअरला पिशव्या. सहाला निघालो, पिंपळगावला भरपूर खाल्लं, गप्पा झाल्या. चांदवडला रसवंतीवर थांबलो. रसवाल्याच्या मागे मोठा वड होता, खाली दोन बाजा टाकलेल्या. मित्र बाजेवर आडवा झाला आणि म्हणाला, "ऊन उतरेपर्यंत इथंच पडू." मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "चाळीस किलोमीटर तर राहिलं मालेगाव. तिथंच जेवू."

तो उठला. मी म्हटलं म्हणून उठला.

राहूड घाट उतरताना वारा लागला, तोही तव्यावरून आल्यासारखा. हवा अंगापेक्षा गरम झाली की वाऱ्यानं गार वाटत नाही, उलट भाजतं. घाम वाळतोय तोवरच शरीर तग धरतं. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालं होतं, म्हणून आम्ही ते पीत नव्हतो. डांबर पातळ होऊन टायरला चिकटत होतं, त्याला बारीक खडी लागून चाकाचा करकर आवाज येत होता. उमराण्याच्या अलीकडे तो बोलायचा थांबला. मला वाटलं, दमलाय. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आज पहिली पाळी आहे ना?" मी थांबलो, त्याचा दंड धरला. अंग तापलेल्या पत्र्यासारखं आणि त्यावर सरसरून काटा आलेला. त्या उन्हात त्याला थंडी वाजत होती. ते केस उभे राहिलेले माझ्या बोटांना अजून जाणवतात.

उन्हाळ कांदा भरलेल्या एका टेम्पोनं आम्हाला उचललं. ड्रायव्हरनं स्वतःची पाण्याची कॅन त्याच्या डोक्यावर, काखेत, मानेवर रिकामी केली आणि माझ्या हातात पुठ्ठा देऊन वारा घालायला लावला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर होता, एवढंच. वाचला तो त्या ड्रायव्हरमुळे. नंतर तो सायकलवर कधी बसला नाही, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. मी त्याची माफी मागितली नाही. तेव्हा मला वाटायचं, मी काय केलं? ऊन काय माझ्या हातात होतं? पुढे त्यानं नोकरी बदलली, शहरही सोडलं. माफी तशीच राहिली.

मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, हेही खरं आहे. आमच्या घरी सायकल कामावर जायची वस्तू होती, तिच्यावरून दौरे काढायचे हे सांगणारा माणूस आजूबाजूला नव्हता. हे स्वतःला सोडवून घेण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक लिहीत नाही. पण तुला सांगणारा कुणीतरी आहे, आणि तरी तू "रस्त्यात कुठेतरी" म्हणतेस, याचा मला त्रास होतो.

आता तुझ्या रेघांकडे येतो.

लाल रेघ पुसून टाक. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. तापीचं खोरं त्याच्या कितीतरी खाली, जळगाव जेमतेम दोनशे मीटर. हजार मीटर खाली गेलं की साधारण साडेसहा अंश वाढतात, म्हणजे नुसत्या उतरण्यानंच अडीच अंश अंगावर घेतेस. आणि तिथलं ऊन मुळातच वेगळं, जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पंचेचाळीस ऐकून कुणी मान वर करत नाही. शिवाय रस्ता चौपदरी झाला तेव्हा जुनी झाडं गेली. उड्डाणपुलांवरून गावं खाली राहून जातात, अकरा वाजता उतरायचं कुठे? अजिंठा डिसेंबरात कर. मी स्वतः येईन.

निळी रेघ फसवी आहे. पारा चौतीसच दाखवेल, हिरवळ दिसेल, तुला वाटेल मजा आहे. पण कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. न वाळलेला घाम अंगातली उष्णता काढत नाही, मीठ मात्र घेऊन जातो. घाटमाथ्यावरचे कोरडे अडतीस मला खालच्या दमट चौतिसापेक्षा परवडतात. आणि उतरलेला घाट परत चढायचा असतो, हे तू नकाशात लिहिलेलं नाहीस.

हिरवी चालेल, पण एका दिवसात सापुतारा नाही. नाशिकहून ते ऐंशीच्या घरात जातं, आणि हातगडाजवळचा चढ तुझ्या सामानासकट बरोबर दहा-अकराच्या उन्हात येतो. पहिला मुक्काम वणीला कर. आठ-साडेआठला पोचशील. पोच आणि बस. दिवसभर तिथे काय करू, असं विचारू नकोस. झोप, बाजार बघ, चेनला तेल दे.

मला विचारशील तर याहून बरी एक रेघ आहे, तू ती ओढलीच नाहीस. त्र्यंबकवरून पहिन्यामार्गे घोटी, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी बारीवरून, कळसूबाईच्या पायथ्यानं, शेंडीला भंडारदऱ्याच्या धरणापाशी. तिसऱ्या दिवशी पहाटे धरणाला वळसा घालून घाटघर, रतनवाडी. चौथ्या दिवशी परत. सगळा उंचावरचा मुलूख, रात्री गारवा, आणि रोज अकराच्या आत हातपाय पसरायला जागा. सकाळी त्र्यंबककडे जाताना सूर्य पाठीशी असतो. मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, म्हणून पश्चिमेकडे जायचं ते पहाटेच.

"काका, हे तर चार दिवसांत फारसं अंतरच होत नाही!" ऐकू आलं मला. नाही होत. मग?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा हे आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात पावसाचे तालुके, आणि मे महिन्यात तिथल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हिरवं दिसतं तिथे पाणी असतंच असं नाही. बाया पहाटेपासून हंडे घेऊन ज्या विहिरीवर बसलेल्या असतात, तिथे जाऊन बाटली पुढे करायची नाही. त्या देतील, नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मागायची नाही. मोठ्या गावातून चार लिटर भरून निघायचं. वजन होतं, होऊ दे.

नुसतं पाणी ढोसू नकोस. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नाहीतर दुकानातली ओआरएसची लिटरची पुडी, ती पूर्ण लिटरातच कालवायची. बाटलीवर जुना सुती पायमोजा चढवून तो ओला ठेव. वाऱ्यानं पाणी वाळत राहतं आणि आतलं पाणी पिण्याजोगं राहतं. १९९६ ला हा पायमोजा आमच्याकडे असता तर... जाऊ दे. निघण्याआधी दहा-बारा दिवस रोज तासभर उन्हात चालवून अंगाला सवय कर. उन्हात काटा आला, बोलताना शब्द चुकायला लागले, तर तिथेच थांबायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि १०८ ला फोन. पुढच्या गावापर्यंत बघू, असं नाही.

तू मला अमेरिकेचं उदाहरण दिलंस. २०१५ ला आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्यानं केली, वाळवंटातून, दिवसा. मला त्यांचा अभिमान तुझ्याइतकाच आहे. पण त्यांच्या मागे गाडी होती, गाडीत बर्फ होता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे सतत बघणारी माणसं होती. तुझ्या मागे कोण आहे? तुझ्या चेहऱ्याकडे बघणारं कुणी नसेल, म्हणून घड्याळाकडे बघायचं.

आमच्या ग्रुपात मला "अकराचा भोंगा" म्हणतात. पोरं म्हणतात, काका पूर्वी धाडसी होते, आता घाबरतात. मी कितीतरी उन्हाळे चालवलेत त्यानंतर, आणि माझ्याबरोबर आलेलं एकही माणूस रस्त्यात आडवं झालेलं नाही. याला घाबरणं म्हणायचं असेल तर म्हणोत. चांदवडच्या त्या बाजेवर मी चार तास पडलो असतो, तर मित्राच्या मामाकडे रात्री नऊला पोचलो असतो आणि त्यांनी आम्हाला वाढलं असतं. काय बिघडलं असतं, हे मी अजून स्वतःला विचारतो.

गुरुवारी संध्याकाळी ये. मी घरीच आहे. नकाशा आण, पण स्केचपेन नको, शिसपेन्सिल आण. रोजच्या मुक्कामासमोर अकरा वाजताच्या जागेचं नाव लिहून आण. देऊळ, शाळेचा व्हरांडा, एसटी स्टँड, कुणाचा वड, काहीही. चार दिवसांची चार नावं. ती वाचून मग बोलू, आणि या वेळी चहा पूर्ण पिऊन जा.

तुझा,
काका