तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारी मुलगी

मूल एकच चित्रपट रोज पाहते, त्यातलीच गाणी दिवसभर म्हणते आणि दुसरे काही लावले की रडून घर डोक्यावर घेते. हे काळजीचे लक्षण आहे का, असा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक मला वरचेवर विचारतात. गाण्यांनी भरलेल्या ॲनिमेशन परीकथांच्या बाबतीत तो विशेष विचारला जातो. भांडुपच्या एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडते. तो त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिला आहे.

मुलगी दुसरीत शिकणारी. ‘फ्रोझन’ हा २०१३ सालचा डिस्नेचा चित्रपट तिने गणपतीच्या सुट्टीत आत्याकडे प्रथम पाहिला आणि त्यानंतर शाळेतून आल्यावर रोज तोच लावण्याचा हट्ट सुरू झाला. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे संध्याकाळी घरात आजी, ही मुलगी आणि दहावीतली ताई एवढ्याच असत. मुलगी कल्पनेच्या जगात अडकते आहे, असे वडिलांना वाटत होते. आईची धास्ती वेगळी होती: गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या राजकन्या पाहून मुलीला स्वतःचा सावळा रंग नकोसा वाटू लागला तर काय करायचे? दोघांनी आठवडाभर चित्रपट पूर्ण बंद करून पाहिला होता. त्याचा परिणाम असा झाला, की मुलगी टीव्हीशिवायच मोठ्याने सगळी गाणी म्हणू लागली आणि ताईशी तिची रोज भांडणे होऊ लागली.

ती सगळा चित्रपट पाहते, की एखादाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहते, असे मी विचारले. आई-वडिलांना ते सांगता येईना, म्हणून पुढच्या भेटीला आजींना बोलावले, कारण रोज तिच्या शेजारी बसणाऱ्या त्याच होत्या. आजींनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “बर्फाच्या राजवाड्याचं तिला फारसं काही नाही हो. ते बंद दाराजवळचं गाणं संपलं, की ती पुन्हा मागे नेते.”

ते गाणे नेमके कशाचे आहे, हे येथे सांगायला हवे. थोरल्या राजकन्येच्या हातून बर्फ निर्माण होते; खेळता खेळता तिच्याकडून धाकटीला इजा होते, आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून आई-वडील दोघींना वेगळे ठेवतात. उपचार करताना धाकटीच्या मनातून त्या जादूची आठवण पुसली जाते, त्यामुळे ताईचे दार का बंद झाले हे तिला कधीच कळत नाही. ती दाराबाहेर उभी राहून ताईला खेळायला बोलावत राहते आणि त्या एका गाण्यात कितीतरी वर्षे सरतात, आई-वडील समुद्रात बुडून जातात. अखेरीस धाकटी दाराला टेकून बसते, तेव्हा दाराच्या आत थोरलीही तशीच बसलेली प्रेक्षकाला दिसते. पडद्यावरच्या धाकटीला ते दिसत नाही. पाहणाऱ्या मुलाला मात्र दिसते.

परीकथा, चित्र आणि गाणे एकत्र आल्यावर मुलांवर एवढा प्रभाव का पडतो, याचे उत्तर मला या प्रसंगात सापडते. सात वर्षांच्या मुलाला एकटेपणा किंवा अपराधीपणा शब्दांत मांडता येतोच असे नाही, परंतु ती भावना सुरात बांधून दिली, तर ते ती म्हणू शकते आणि हवी तेव्हा पुन्हा अनुभवू शकते. पात्राच्या मनातले पदातून बाहेर यावे, हे संगीत नाटकाच्या प्रेक्षकांना नवे नाही. या चित्रपटाची प्रेरणा असलेल्या हान्स ख्रिस्तियन अँडरसन यांच्या १८४४ सालच्या हिमराणीच्या कथेत गेर्डा आणि काई ही शेजारी राहणारी मुले आहेत; त्यात या दोन बहिणी नाहीत. चित्रपटाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत हिमराणी (आताची थोरली राजकन्या) खलनायिका होती, परंतु क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याने तिच्यासाठी लिहिलेले ‘लेट इट गो’ हे गाणे ऐकल्यावर निर्मात्यांनी ती व्यक्तिरेखाच बदलली. २०१४ साली ऑस्कर मिळाले ते याच गाण्याला.

आता त्यांच्या घराकडे वळू. दोन मुलींत एकच बेडरूम होती आणि जूनपासून ती ताईच्या अभ्यासासाठी दिलेली होती. तोपर्यंत एका पलंगावर झोपणारी धाकटी रात्री आजीजवळ बाहेर झोपू लागली. “ताईचं दहावीचं वर्ष आहे, तिला त्रास देऊ नको,” एवढेच तिला सांगितले गेले होते. दहावी म्हणजे काय, ती किती दिवस चालणार आणि संपल्यावर ताई पुन्हा आपली होणार का, हे कोणी समजावले नव्हते. आई-वडिलांचा यात दोष काढावा असे मला वाटत नाही. मुंबईच्या छोट्या घरांत दहावीच्या वर्षी असेच घडते. मी ताईशीही स्वतंत्र बोलले. ती म्हणाली, “ती बाहेर गाते ते मला सगळं ऐकू येतं. उठून गेले तर अभ्यास बुडेल, आणि नाही गेले तर वाईट वाटतं.” त्या मुलीवरचे ओझे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते, आणि माझ्या मते या घरात मदतीची अधिक गरज तिलाच होती.

उपाय साधेच केले. धाकटीला कालनिर्णयवर परीक्षेचा शेवटचा दिवस दाखवला. रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे दोघी बहिणींची ठरली. त्या वेळात अभ्यासाचा विषय कोणी काढायचा नाही. चित्रपट बंद न करता तो रविवारी सगळ्यांनी मिळून पाहायचा, असे ठरवले. आजींना हे विशेष आवडले. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण त्यांनी स्वतःच्या मुलांना नेऊन दाखवली होती, आणि भीती वाटली की मुले आपल्या पदराला कशी धरत, हे त्यांना लख्ख आठवत होते. परीकथा पाहताना भ्यायला मोठ्या माणसाची कूस जवळ लागते, हे त्या माझ्याआधी ओळखून होत्या.

रंगाविषयीच्या आईच्या धास्तीला मी हलके मानले नाही. तथापि एका चित्रपटापेक्षा लग्नकार्यात नातेवाइकांनी केलेले शेरे अधिक खोल जातात, म्हणून ते तिथल्या तिथे थांबवावेत, असे मी सुचवले.

पुन्हा पुन्हा पाहण्यात मुळात काही गैर नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका मालिकेचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला होता. तेव्हा मुलांना तो अधिकाधिक समजत गेला आणि पडद्यावरून विचारलेल्या प्रश्नांना ती उत्तरेही अधिक देऊ लागली. वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी दिवसाला दोन तासांहून कमी वेळ पडद्यासमोर असावे, असे भारतीय बालरोग अकादमी सांगते, आणि हा चित्रपट १०२ मिनिटांचा आहे. म्हणजे रोज तो पाहिला, तर दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा त्यातच संपतो.

झोप किंवा जेवण बिघडले, मित्रमैत्रिणींबरोबरचा खेळ सुटला, किंवा मूल स्वतःचे शब्द सोडून केवळ चित्रपटातल्या संवादांनीच बोलू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. शीव, केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात अथवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे त्याला दाखवावे, आणि जाताना ते नेमका कोणता प्रसंग पुन्हा पुन्हा पाहते, याची नोंद सोबत न्यावी.